बरोक: पाहणाऱ्याला चित्रात उभे करणारी कला

रोममधील संत इग्नेशियस यांच्या चर्चमध्ये, मधल्या दालनाच्या फरशीत संगमरवराची एक गोल चकती बसवलेली आहे. तिच्यावर उभे राहून वर पाहिले, की छत नाहीसे झाल्यासारखे वाटते. खालच्या भिंतींवरचे स्तंभ तसेच वर चढत जातात, त्यांच्यावर कमानी उभ्या राहतात, कमानींपलीकडे उघडे आकाश दिसते आणि त्या आकाशात माणसांच्या व देवदूतांच्या दाटीतून संत इग्नेशियस स्वर्गात प्रवेश करताना दिसतात. प्रत्यक्षात तेथे साधे कमानदार छत आहे. वरचे स्तंभ, कमानी आणि आकाश हे सारे आंद्रेआ पोझ्झो या, इग्नेशियस यांनीच स्थापन केलेल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील, चित्रकाराने रंगवलेले असून ते काम १६९४ मध्ये पुरे झाले. चकतीवरून थोडे बाजूला सरकले, की तेच स्तंभ कलंडू लागतात आणि रंगवलेली इमारत कोसळत असल्याचा भास होतो. या चर्चवर खरा घुमटही नाही. घुमटाच्या जागी पोझ्झोनेच १६८५ मध्ये कापडावर रंगवलेला घुमट बसवला आहे आणि पुष्कळ लोक तो खरा समजून पुढे जातात.

बरोक कलेचे स्वरूप समजून घ्यायचे असेल, तर त्या चकतीकडे नीट लक्ष द्यायला हवे. चित्र छतावर आहे, परंतु ते पूर्ण होते खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत, आणि त्या माणसाने कोठे उभे राहावे हे चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेले आहे. पाठ्यपुस्तकांत बरोकची ओळख बहुधा सोन्याचा मुलामा, वळणावळणांची नक्षी आणि गुबगुबीत बालदेवदूत यांच्यावरून करून दिली जाते. हे सारे त्या कलेत आहे यात शंका नाही, परंतु ते तिचे बाह्यांग आहे. साधारण १६०० ते १७५० या काळात युरोपातल्या चित्रकारांनी, शिल्पकारांनी आणि वास्तुकारांनी ज्या प्रश्नावर सर्वाधिक कष्ट घेतले, तो प्रश्न असा होता: समोर येणाऱ्या माणसाला नुसता प्रेक्षक राहू न देता घडणाऱ्या प्रसंगात सामील कसे करून घ्यावे?

हा प्रश्न त्याच काळात निर्माण होण्याला कारण होते. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने जर्मनीत रोमच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्या काही दशकांत उत्तर युरोपाचा मोठा भाग पोपच्या सत्तेपासून दूर गेला. अनेक ठिकाणी सुधारणावाद्यांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, चित्रे उतरवली आणि भिंतींना पांढरा चुना फासला, कारण प्रतिमा माणसाला देवाकडे नेण्याऐवजी स्वतःपाशीच अडकवते असे त्यांचे म्हणणे होते. त्याला उत्तर देण्यासाठी कॅथलिक धर्माधिकाऱ्यांची परिषद उत्तर इटलीतील ट्रेंट या गावी १५४५ ते १५६३ या काळात, मध्ये मोठे खंड पडत, भरत राहिली. अखेरच्या बैठकीत, डिसेंबर १५६३ मध्ये, प्रतिमांचा उपयोग योग्य असल्याचा निर्वाळा तिने दिला. चित्रांनी लोकांना धर्म शिकवावा आणि भक्तीला प्रवृत्त करावे, अशी अपेक्षा त्यात होती. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्व सांगतो आणि उत्तररंगात आख्यान लावून श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो. रोमच्या चर्चला आता चित्रकारांकडून आणि शिल्पकारांकडून हे उत्तररंगाचे काम हवे होते.

इमारतीच्या बाबतीत या बदलाची पहिली ठळक खूण म्हणजे रोममधील जेझुइटांचे मुख्य चर्च, इल जेझू. विन्योला या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार १५६८ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले आणि दर्शनी भागाची रचना जाकोमो देल्ला पोर्ता याने केली. दोन्ही बाजूंना स्तंभांच्या ओळींनी वेगळे काढलेले लांब पट्टे न ठेवता एकच रुंद दालन ठेवल्यामुळे प्रवचन सर्वांना ऐकू जाते आणि वेदी कोठूनही दिसते. जेझुइट जेथे जेथे गेले, तेथे तेथे हा नमुना त्यांच्याबरोबर गेला. आज त्याच्या छतावर जे चित्र दिसते, ते मात्र शंभर वर्षांनंतरचे आहे. १६७६ ते १६७९ या काळात जोव्हान्नी बात्तिस्ता गाउल्ली याने ते रंगवले आणि त्यातल्या आकृती सोनेरी चौकटीबाहेर उतू जातात. रंगवलेली आकृती कोठे संपते आणि गिलाव्यात घडवलेली आकृती कोठे सुरू होते, हे खालून सांगता येत नाही.

चित्रकलेत ही दिशा सर्वांत आधी आणि सर्वांत धाडसाने पकडली ती काराव्हाज्जो याने. रोममधल्या फ्रेंच लोकांच्या संत लुई चर्चमध्ये एका छोट्या उपमंदिरासाठी त्याने १५९९ - १६०० मध्ये ‘संत मॅथ्यूला बोलावणे’ हे चित्र काढले. जकात वसूल करणारा मॅथ्यू आपल्या सोबत्यांसह पैसे मोजत बसला आहे, उजवीकडून येशू आत येतो आणि त्याच्याकडे हात करतो, एवढाच प्रसंग. परंतु बसलेल्या लोकांच्या अंगावर बायबलकालीन वस्त्रे नसून त्या वेळच्या रोममधल्या तरुणांचे कपडे आहेत, खोली कोंदट आणि काळोखी आहे, आणि येशूच्या डोक्यावरून येणारा प्रकाशाचा एकच तिरपा पट्टा त्या काळोखाला चिरत मॅथ्यूच्या चेहऱ्यापर्यंत पोचतो. हे चित्र उपमंदिराच्या डाव्या भिंतीवर आहे आणि वेदीवरची खरी खिडकी त्याच्या उजव्या अंगाला येते. त्यामुळे चित्रातला प्रकाश त्या खिडकीतूनच आत आला असावा असे वाटते. गडद अंधार आणि प्रखर प्रकाश यांच्या या टोकाच्या विरोधाचे पुढे स्पेनपासून हॉलंडपर्यंत शेकडो चित्रकारांनी अनुकरण केले. काराव्हाज्जोच्या दुसऱ्या एका चित्रात, संत ऑगस्टीन चर्चमधल्या ‘लोरेतोची माता’ या चित्रात, मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळपाय थेट आपल्या डोळ्यांसमोर येतात. वेदीपुढे येऊन गुडघे टेकणारा गरीब भाविक त्या चित्रात त्या यात्रेकरूच्याच मागे रांगेत उभा राहिल्यासारखा सामावून जातो. उच्च विषयात मळके पाय आणण्याचा हा धीर मला त्याच्या प्रकाशयोजनेहूनही मोठा वाटतो.

शिल्पात काय बदलले हे दाखवण्यासाठी बायबलमधल्या डेव्हिडच्या, म्हणजे गोलिआथ या महाकाय योद्ध्याला गोफणीने पाडणाऱ्या तरुणाच्या, दोन मूर्तींची तुलना नेहमी केली जाते आणि ती खरोखरच बोलकी आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०४ मध्ये पुरा झाला. गोलिआथशी गाठ पडण्यापूर्वीचा तो तरुण स्थिर उभा आहे, स्वतःत पूर्ण आहे, त्याला आपली गरज नाही. जान लोरेन्झो बर्निनीने १६२३ - २४ मध्ये घडवलेला डेव्हिड गोफण फिरवण्याच्या ऐन क्षणी पकडलेला आहे. त्याचे धड पिळलेले आहे, ओठ दाताखाली दाबलेले आहेत, आणि त्याची रोखलेली नजर आपल्या अंगावरून पलीकडे जाते. गोलिआथ कोठेही घडवलेला नाही. तो आपल्या पाठीमागे कोठेतरी उभा असला पाहिजे, आणि त्यामुळे मूर्ती व तिचा अदृश्य शत्रू यांच्या मधली जी जागा, तीत आपण सापडतो. हे घडवताना बर्निनी पंचविशीत होता.

त्याच्या पुढच्या कामांपैकी एकावर थोडे थांबायला हवे, कारण बरोकची सगळी साधने तेथे एकत्र आली आहेत. १६४४ मध्ये नवा पोप आला आणि बर्निनीचे दिवस फिरले. संत पीटर बॅसिलिकेसाठी त्याने उभारायला घेतलेल्या घंटाघरामुळे भिंतींना तडे गेल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि ते काम १६४६ मध्ये उतरवण्यात आले. याच पडत्या काळात व्हेनिसच्या कॉर्नारो घराण्यातल्या एका कार्डिनलने त्याला सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया या लहान चर्चमधील आपल्या घराण्याचे उपमंदिर घडवण्याचे काम दिले आणि १६५२ पर्यंत ते पुरे झाले. विषय होता स्पेनमधील आव्हिला गावच्या संत तेरेसा यांचा एक अनुभव. एका देवदूताने टोकाशी आग असलेला सोन्याचा भाला आपल्या हृदयात खुपसला आणि त्या वेदनेतच पराकोटीची गोडी होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले होते. बर्निनीने पांढऱ्या संगमरवरात तेरेसा आणि देवदूत घडवले. तेरेसांचे डोके मागे कलले आहे, हात निर्जीव लोंबत आहे आणि अंगावरच्या जाड वस्त्राच्या चुण्या अशा उसळल्या आहेत, की शरीरात जे घडते आहे ते त्या वस्त्रातूनच कळावे. त्यांच्या मागे सोनेरी ब्राँझच्या शलाका वरून खाली उतरतात, आणि या शलाकांवर पडणारा प्रकाश खरा आहे: वरच्या बाजूला, पाहणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी, बर्निनीने खिडकी ठेवली आहे. शिल्प, वास्तू, रंगीत दगड, छतावरचे चित्र आणि सूर्यप्रकाश यांतले काय कोठे सुरू होते, हे वेगळे करता येत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, नाट्यगृहातल्या सज्ज्यांत बसावेत तसे, कॉर्नारो घराण्यातले पुरुष संगमरवरात बसलेले आहेत. कोणी एकमेकांशी बोलतो आहे, कोणी वाचतो आहे. बर्निनी स्वतः नाटके लिहीत असे आणि रंगमंचावरची यंत्रे तयार करीत असे. तो अनुभव त्याने येथे उपासनेच्या सेवेला लावला. या शिल्पातल्या भावावर कामुकतेचा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. माझ्या मते तो आक्षेप तेरेसांचे स्वतःचे लेखन बाजूला ठेवल्यावरच घेता येतो, कारण देहाची भाषा त्यांनीच वापरली होती आणि बर्निनीने ती प्रामाणिकपणे दगडात उतरवली.

आता याच्या अगदी उलट बाजूचे उदाहरण. फ्रांचेस्को बोरोमिनी हा बर्निनीचा समकालीन आणि प्रतिस्पर्धी. गवंडीकाम करणाऱ्या घरातून तो आला होता आणि दगड कसा घडतो हे त्याला हाताने ठाऊक होते. १६३४ मध्ये एका निष्कांचन स्पॅनिश धर्मसंघाने त्याला एका चौकाच्या कोपऱ्यावरच्या अडचणीच्या जागेत चर्च बांधायला सांगितले. चौकाच्या चारही कोपऱ्यांना कारंजी आहेत, म्हणून त्या चर्चला चार कारंज्यांपाशी असलेले संत कार्लो असे म्हणतात. हे चर्च इतके लहान आहे, की संत पीटर बॅसिलिकेचा घुमट पेलणाऱ्या चार प्रचंड खांबांपैकी एकाच्या जागेत ते मावेल असे म्हटले जाते. पैसा नव्हता, त्यामुळे आत सोने नाही आणि महागडे रंगीत संगमरवरही नाहीत, बहुतेक सारे पांढऱ्या गिलाव्यात आहे. बोरोमिनीने एका समान बाजूवर दोन समभुज त्रिकोण पाठीला पाठ लावून मांडले, त्यांत वर्तुळे बसवली आणि त्यांतून लंबगोलाकार गाभा काढला. भिंत एकदा आत वळते, एकदा बाहेर फुगते, पुन्हा आत वळते, आणि सोळा स्तंभ त्या लाटेला ताल देतात. वर अंडाकृती घुमट आहे. त्याच्या आतल्या बाजूला क्रूस, षट्कोन आणि अष्टकोन यांचे खोलगट साचे एकमेकांत गुंतवलेले आहेत आणि ते वर जाताना क्रमाने लहान होत जातात, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच वाटतो. घुमटाच्या बुडाशी असलेल्या खिडक्या खालून सहज दिसत नाहीत, म्हणून तो प्रकाशावर तरंगत असल्यासारखा भासतो. बरोक म्हणजे श्रीमंती थाट असे ज्यांना वाटते, त्यांनी ही इमारत अवश्य अभ्यासावी. येथे सारा परिणाम भूमितीचा आहे. पाहणारा एका जागी उभा राहिला तरी त्याची नजर थांबू शकत नाही, भिंत तिला पुढे नेत राहते. दोघांत अधिक मोठा कोण, हा प्रश्न कोणी विचारला, तर मी बोरोमिनीच्या बाजूने मत देईन. त्याचे आयुष्य मात्र कष्टी होते आणि १६६७ मध्ये त्याने स्वतःच्या तलवारीने जीव दिला. त्या चर्चचा लाटांसारखा वळणारा दर्शनी भाग तोवर पूर्ण झालेला नव्हता.

हीच विचारपद्धती शहराच्या मापाने पाहायची असेल, तर संत पीटर बॅसिलिकेसमोरचे प्रांगण पाहावे. सातवे अलेक्झांडर पोप असताना, १६५६ ते १६६७ या काळात, बर्निनीने ते रचले. प्रांगणाच्या मध्यभागी इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ १५८६ पासूनच उभा होता. त्याला केंद्र मानून सुमारे २४० मीटर रुंदीचा लंबगोल आखला गेला आणि त्याच्या दोन्ही अंगांना चार चार ओळींत मिळून २८४ स्तंभांच्या छत असलेल्या वाटा बांधल्या गेल्या. वरच्या कठड्यावर १४० संतांच्या मूर्ती आहेत. बाहू पसरून भाविकांना कुशीत घेणारी चर्चमाता, अशी कल्पना खुद्द बर्निनीनेच मांडली होती. स्तंभांची जाडी मागच्या ओळींत क्रमाने वाढवलेली आहे. त्यामुळे फरशीत खूण केलेल्या दोन ठरावीक जागांवर उभे राहिले, की चार ओळींची एकच ओळ होते, आणि एक पाऊल हलले की पुन्हा स्तंभांचे रान दिसू लागते. अफाट गर्दीसाठी बांधलेल्या जागेतही एकट्या माणसाच्या डोळ्याचा हिशेब सुटलेला नाही.

हे सामर्थ्य राजांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. फ्रान्सचा चौदावा लुई १६८२ मध्ये दरबार घेऊन पॅरिसबाहेर व्हर्साय येथे राहायला गेला. तेथील ७३ मीटर लांबीच्या आरसेमहालात १७ कमानदार खिडक्यांसमोर आरशांच्या १७ कमानी आहेत, आणि बाहेरची बाग, सूर्य व दरबारी यांची प्रतिबिंबे त्यांत मिसळतात. रस्ते, कालवे आणि बागेच्या वाटा सरळ रेषेत राजवाड्याकडे येऊन मिळतात. रोममध्ये ज्या युक्त्यांनी माणसाचे मन देवाकडे वळवले जात होते, त्याच येथे राजाकडे वळवल्या आहेत. याचे मोल प्रजेच्या करांतून चुकते झाले, हे सौंदर्य मान्य करतानाही विसरता येत नाही.

प्रॉटेस्टंट हॉलंडमध्ये चर्चच्या भिंती पांढऱ्याच राहिल्या, त्यामुळे चित्रकारांनी घरे आणि सभागृहे गाठली. १६४२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘रात्रीचा पहारा’ या चित्रात रेम्ब्रांटने नागरी सैनिकांना ओळीने बसवण्याऐवजी निघण्याच्या गडबडीत दाखवले आणि नायकाचा पुढे केलेला हात चित्राबाहेर आपल्याकडे आला. याच रेम्ब्रांटने पुढे १६५० नंतरच्या दशकात मुघल लघुचित्रे समोर ठेवून वीसहून अधिक रेखाटने केली. त्यांत शाहजहान आहे, जहांगीर आहे, आणि युरोपीय छायाप्रकाशात वाढलेल्या त्या हाताने मुघल रेषेचा नाजूकपणा आदराने जपला आहे. मध्य युरोपात तीस वर्षांचे युद्ध १६४८ मध्ये संपल्यावर ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनीत मठांच्या व राजवाड्यांच्या रूपाने बरोकला नवा बहर आला. सिसिलीत १६९३ च्या भूकंपाने नोतोसारखी गावे जमीनदोस्त केली आणि ती त्याच शैलीत नव्याने वसली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अभिरुची पालटली. प्राचीन ग्रीकांचा साधेपणा हाच आदर्श मानणाऱ्या समीक्षकांना बरोक म्हणजे प्रबोधनकालीन कलेची विकृती वाटली आणि ते मत शंभर वर्षे टिकले. स्विस कला-इतिहासकार हाइनरिख वोल्फलिन याने १८८८ मध्ये आणि पुढे १९१५ मध्ये दाखवून दिले, की प्रबोधनकाळ आणि बरोक या पाहण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रत्येक आकृतीला स्पष्ट कडा असते आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पुरा असतो. दुसरीत कडा छायेत विरतात, भाग एका ओघात विलीन होतात आणि चौकट पुरी पडत नाही. एका रीतीच्या मापाने दुसरीला तोलणे अन्यायाचे आहे, ही समज तेव्हापासून रुजली.

मराठी वाचकाला यातले काही पाहण्यासाठी रोमला जाणे अनिवार्य नाही. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका जेझुइटांनी १५९४ ते १६०५ या काळात बांधली. एकच रुंद दालन आणि वेदीकडे खेचली जाणारी नजर ही इल जेझूचीच शिकवण आहे. वेदीमागचा सोन्याचा मुलामा दिलेला, पिळदार स्तंभांचा लाकडी पडदा पाहिला, की रोममध्ये संत पीटर बॅसिलिकेतल्या बर्निनीच्या मंडपाचे पिळदार स्तंभ आठवतात. तेथील जांभ्या दगडाचा उघडा तांबूस रंग मात्र मूळचा नाही, कारण बाहेरचा गिलावा विसाव्या शतकात काढण्यात आला. आत संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. झेवियर, इग्नेशियस आणि आव्हिलाच्या तेरेसा यांना १२ मार्च १६२२ या एकाच दिवशी रोममध्ये संतपद मिळाले होते. समाधीचा रंगीत दगडांचा आणि ब्राँझच्या उठावचित्रांचा चौथरा तोस्कानाचा ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने दिला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवलेला तो चौथरा १६९८ मध्ये गोव्यात उभारला गेला. त्याच्या वर ठेवलेली चांदीची पेटी मात्र त्याच्या कितीतरी आधी गोव्यातल्या सोनारांच्या हातून घडली होती. जवळच संत कायेतान यांचे चर्च आहे. इटालियन धर्मगुरूंनी सतराव्या शतकात बांधलेल्या या चर्चचा आराखडा संत पीटर बॅसिलिकेवरून बेतलेला आहे, आणि त्याच्या घुमटाखाली उभे राहिले की रोमचा तो विचार लहान मापात अनुभवता येतो.

या वास्तू ज्या पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने उभ्या राहिल्या, तिने सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पाडली आणि १५६० मध्ये धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) आणले, हेही या इतिहासात येते. मन वळवण्यासाठी घडलेली कला गोव्यात सक्तीच्या जोडीने आली. साष्टीतील केळशीची श्रीशांतादुर्गा तेव्हा स्थलांतरित होऊन कवळे येथे आली, आणि तेथील आजचे देऊळ १७३८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने पूर्ण झाले. तोपर्यंत गोव्यातल्या कारागिरांच्या दोन शतकांच्या पिढ्या चर्चच्या बांधकामांवर तयार झाल्या होत्या. देवळावरचा घुमट, त्याखालचा खिडक्यांचा भाग, भिंतीतले अर्धस्तंभ आणि कमानदार खिडक्या या गोष्टी त्यांनी तेथूनच उचलल्या आणि गर्भगृह, सभामंडप, तळी व दीपस्तंभ यांच्या परंपरागत मांडणीत बसवल्या. गोव्याबाहेर अशी देवळे क्वचितच दिसतात.